दंड आणि दंडुका

(एका नागरी व्याख्यानमालेतील भाषणाचे संपादित शब्दांकन)



सीमेवरील सुरक्षा, दहशतवाद, अंतर्गत बंडाळी या विषयांवर आपण अशा व्यासपीठांवरून पुष्कळ ऐकले आहे. आज मी चौकातल्या शिट्टीविषयी बोलणार आहे. विषय किरकोळ वाटेल. परंतु सामान्य गृहस्थाची राज्यसत्तेशी समोरासमोर गाठ पडते ती बहुधा इथेच. तो न्यायालयाची पायरी सहसा चढत नाही, पोलीस ठाण्यात तर शक्यतो जातच नाही. त्याला राज्य भेटते ते सिग्नलच्या पलीकडे, झाडाच्या आडोशाला, पांढऱ्या सदऱ्यात उभे असलेले. त्या दोन मिनिटांत राज्य त्याच्याशी कसे वागते, यावरून तो राज्याविषयीचे आपले मत बनवतो.

7 मार्च 2018 रोजी तमिळनाडूत तिरुचिरापल्लीजवळ एक दाम्पत्य दुचाकीवरून जात होते. पतीने हेल्मेट घातले नव्हते. तपासणीच्या जागेवरून गाडी पुढे निघाली, तेव्हा पोलीस निरीक्षकाने पाठलाग करून तिला लाथ मारली, असा आरोप झाला. पत्नी रस्त्यावर कोसळली आणि मरण पावली. संतप्त जमावाने महामार्ग रोखला. निरीक्षकाला अटक झाली. त्याच वर्षी 29 सप्टेंबरच्या पहाटे लखनौच्या गोमतीनगरात गस्तीवरच्या शिपायांनी एक मोटार थांबवण्याचा प्रयत्न केला. एकाने झाडलेली गोळी समोरच्या काचेतून आत गेली आणि खासगी कंपनीतला एक अधिकारी प्राणास मुकला. मे 2025 मध्ये कर्नाटकातील मंड्या येथे कुत्रा चावलेल्या चिमुरडीला आईवडील दुचाकीवरून रुग्णालयात नेत होते. हेल्मेट तपासणीसाठी गाडी अडवली गेली, तोल गेला, मूल रस्त्यावर पडले आणि मागून आलेल्या वाहनाखाली सापडले. तीन साहाय्यक उपनिरीक्षक निलंबित झाले.

तिन्ही राज्यांत त्या त्या वेळी तीन वेगवेगळ्या पक्षांची सरकारे होती. तेव्हा पक्षाचा चष्मा इथे उपयोगाचा नाही.

आता कायदा काय म्हणतो ते पाहू. मोटार वाहन कायद्याच्या कलम 130 प्रमाणे गणवेशातील पोलिसाने मागितल्यास चालकाने परवाना दाखवलाच पाहिजे. हेल्मेट नसल्यास 2019 च्या दुरुस्तीनुसार एक हजार रुपये दंड आणि तीन महिने परवाना निलंबन अशी तरतूद झाली. यात लाठी कुठेही नाही! अटक करण्याची वेळ आलीच, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचे कलम 43 प्रतिकार झाल्यास किंवा अटक टाळण्याचा प्रयत्न झाल्यासच बळ वापरू देते, आणि कलम 46 सांगते की पळून जाणे रोखण्यास लागेल त्याहून अधिक बंधन घालू नये. चालत्या दुचाकीवरच्या माणसाला काठी मारणे, मागे बसलेल्याची कॉलर धरणे, उठसूट चावी काढून घेणे, हे सारे कायद्यात नसून सवयीत आहे. ही सवय घातक आहे, कारण चालत्या दुचाकीवर केलेला लहानसा बळप्रयोगही जीव घेऊ शकतो. मंड्याच्या घटनेनंतर कर्नाटकच्या पोलीस महासंचालकांना वाहनापुढे एकाएकी आडवे जाऊ नये, चावी ओढू नये, असे लेखी बजावावे लागले. याच कायद्याचे कलम 210-ब फारसे कोणाला ठाऊक नसते. कायदा राबवणाऱ्यानेच तो मोडला, तर त्याला दुप्पट दंड!

परंतु मंडळी, नाण्याची दुसरी बाजू आपण सोयीने विसरतो. ऑगस्ट 2016 मध्ये मुंबईत खार येथे एका वाहतूक हवालदाराने विनाहेल्मेट दुचाकी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाला हटकले. मुलाने थोरल्या भावाला बोलावले. त्याने हवालदाराच्या डोक्यात घाव घातला. आठवडाभर मृत्यूशी झुंजून तो कर्तव्यनिष्ठ माणूस गेला. धुरात, उन्हात, कर्कश भोंग्यांत दिवसभर उभे राहणाऱ्याचा संयम कुठल्या धातूचा असावा, अशी आपली अपेक्षा आहे?

आणि आपण सुशिक्षित काय करतो? सिग्नल मोडतो, अडवले की खिशातून भ्रमणध्वनी काढतो आणि नगरसेवकाला, ओळखीच्या साहेबाला, क्वचित माझ्यासारख्या पत्रकारालाही लावतो. असे दूरध्वनी मला तीस वर्षांत किती आले, त्याची गणती नाही. साहेबाचा फोन आला की हवालदार निमूटपणे बाजूला होतो. त्याचा झालेला अपमान मात्र पुढच्या वाहनचालकाच्या वाट्याला जातो. तो पुढचा बहुधा भाजीची पाटी घेऊन निघालेला असतो, आणि त्याच्याकडे फोन करण्यासारखे कोणी नसते.

आपल्या परंपरेत दंडनीती हे मोठे शास्त्र मानले गेले. तीक्ष्ण दंडाने प्रजा त्रस्त होते, मृदू दंडाने राजा हास्यास्पद ठरतो, यथायोग्य दंडालाच मान मिळतो, असा कौटिल्याचा विचार आहे. महाराष्ट्र पोलिसांचे ब्रीदही ‘सद्रक्षणाय खलनिग्रहणाय’ असे आहे. हेल्मेट विसरलेला शिक्षक किंवा कारकून हा खल नव्हे, एवढा विवेक त्या ब्रीदातच अभिप्रेत आहे.

मग उपाय काय? मुंबईत 2016 पासून ई-चलान आले. क्रमांकाचे छायाचित्र घेता येत असेल, तर पाठलागाची गरजच काय? चलान घरी येईल. चुकीच्या चलानांच्या तक्रारी आहेत, हे मान्य. पण त्या दुरुस्त करता येतात, गेलेला जीव परत येत नाही. दुसरे, प्रकाशसिंग खटल्यात 22 सप्टेंबर 2006 रोजी सर्वोच्च न्यायालयाने राज्य आणि जिल्हा पातळीवर पोलीस तक्रार प्राधिकरणे स्थापण्याचा आदेश दिला. महाराष्ट्राने 2014 मध्ये त्यासाठी पोलीस कायद्यात दुरुस्ती केली. या सभागृहातील किती जणांनी या प्राधिकरणाचे नाव ऐकले आहे? हात वर करा पाहू. ...चार. पुढच्या आठवड्यात आपल्या मंडळाने त्याचा पत्ता आणि तक्रारीची रीत लिहून सोसायट्यांच्या फलकांवर लावावी, अशी माझी विनंती आहे. आणि त्याच फलकावर दुसरी एक ओळही असावी: वाहतूक पोलिसाने अडवले असता या सोसायटीतील कोणीही कोणालाही फोन करणार नाही.