शेवटचा हप्ता कोणत्या वयात?

(संघाच्या वार्षिक सर्वसाधारण सभेत क्षेत्र समन्वयकांनी केलेल्या भाषणाचा मजकूर)



मला आज म्हातारपणाच्या तयारीवर बोलायला सांगितलंय. तुम्ही म्हणाल, ही पोरगी विशी-पंचविशीतली, हिला म्हातारपणाचं काय कळतंय! बरोबर आहे. पण गटांची दप्तरं बघणं हे माझं काम आहे. कर्जाच्या रजिस्टरात रक्कम असते, व्याज असतं, हप्ता असतो. एक गोष्ट मात्र कुठंच लिहिलेली नसते. शेवटचा हप्ता भरताना त्या ताईचं वय किती असेल? आज मी तेवढ्यावरच बोलणार आहे.

राज्य सरकारच्या नोकरदाराला ठाऊक असतं, ५८ व्या वर्षी पगार थांबणार. म्हणून तो त्याआधी घराचं कर्ज संपवायला बघतो. आपल्याला अशी तारीख कुणी देत नाही. खुरपायला, वेचणीला जमतंय तोवर जातो. मग एखाद्या वर्षी गुडघा ऐकत नाही आणि मजुरी बंद होते. हप्ता मात्र बंद होत नाही. म्हणून आपली तारीख आपणच ठरवायची. मी म्हणते, साठ धरा. ज्यांची कंबर आत्ताच बोलतेय त्यांनी पंचावन्न धरा.

आता एक हिशोब करू. समजा एका ताईचं वय ५२ आहे. पोराच्या धंद्यासाठी घर गहाण ठेवून ३ लाखांचं कर्ज काढलं. व्याज वर्षाला १२ टक्के, मुदत १० वर्षं. महिन्याला हप्ता बसतो साधारण ४,३०० रुपये. कर्ज फिटेल तेव्हा ताई ६२ वर्षांची असेल आणि व्याजच २ लाख १६ हजारांच्या आसपास गेलेलं असेल.

त्याच ताईनं पहिल्यापासून दरमहा हजार रुपये जास्त भरले तर? कर्ज ७ वर्षांत संपतं. वय होतं ५९. व्याजात सुमारे ७२ हजार वाचतात. साठीच्या आत घर मोकळं.

ही तुलना लक्षात ठेवा. श्रावणबाळ योजनेचे पैसे ६५ वर्षांनंतर सुरू होतात, तेही उत्पन्नाच्या अटीत बसलात तर, आणि सध्या महिन्याला १,५०० रुपये. त्यातून ४,३०० चा हप्ता जाणार कसा? मग पोराच्या तोंडाकडे बघायचं, नाहीतर गहाण घराकडे.

जास्तीचे पैसे भरताना दोन गोष्टी सांगायच्या. एक, "हे पैसे मुद्दलात जमा करा." दोन, "हप्ता तेवढाच ठेवा, मुदत कमी करा." नाहीतर हप्ता कमी करून मुदत तशीच ठेवतात आणि आपली साठी हुकते. बँकेचं घरकर्ज बदलत्या व्याजदराचं असेल, तर लवकर फेडल्याबद्दल आपल्याकडून दंड घेता येत नाही, हा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. पतसंस्थेचं कर्ज असेल तर तिथले नियम आधी विचारा.

कर्ज घेतानाच आणखी एक विचारायचं. व्याज घटत्या शिल्लकेवर आहे का पूर्ण रकमेवर? दर तोच १२ टक्के. पण पूर्ण रकमेवर धरलं तर आपल्या ताईचं १० वर्षांचं व्याज होईल ३ लाख ६० हजार. ऐकायला १२ आणि १२ सारखेच वाटतात, देताना दीड लाखाच्या आसपास फरक पडतो.

आता तुम्ही विचाराल, हजार रुपये आणायचे कुठून? काटकसर तुम्हाला मी शिकवावी असं काही नाही. मी फक्त वही मागते. एक महिना रोज लिहा. तीन रकाने करा: घर, कर्ज, म्हातारपण. किराणा, दवाखाना, रिचार्ज, भिशी, आहेर, आणि घरातल्या तंबाखू-पुड्यांचासुद्धा खर्च लिहा. त्यावरून भांडण करू नका, फक्त लिहा. महिन्याच्या शेवटी बेरीज घरातल्या सगळ्यांसमोर वाचा. बायकोनं सांगितलं तर ऐकत नाहीत, पण आकडा सगळ्यांना दिसतो.

आणि दर महिन्याला जमत नसेल तर हंगामाला भरा. जूनमध्ये बी-खत आणि पोरांची शाळा एकदमच येते, तेव्हा हात आखडता ठेवा. सोयाबीनचे, कापसाचे पैसे आले की त्यातले दहा-बारा हजार आधी मुद्दलात भरायचे, मग बाजार. फायदा जवळपास तेवढाच होतो.

पण घाई करून दुभती म्हैस विकू नका. तिच्यावरच तर हप्ता चाललाय. गटातली सगळी बचतही काढू नका. दोन-तीन महिन्यांचा घरखर्च बाजूला राहू द्या, नाहीतर पहिल्याच दवाखान्याला पुन्हा कर्ज.

आधी कोणतं कर्ज फेडायचं? ज्याचं व्याज जास्त ते. शेकडा तीन रुपये महिना म्हणजे वर्षाला ३६ टक्के. शेकडा पाच म्हणजे ६०. असं कर्ज असेल तर गटाचं कर्ज काढून ते बंद करणं शहाणपणाचं. पण गटाचं व्याज महिना २ टक्के असेल तर ते वर्षाला २४ झालं. ते काढून १२ टक्क्यांच्या बँकेचा हप्ता भरायचा, यात आपण खड्डा बुजवायला मोठा खड्डा खणतो. हप्ता चुकणार असं दिसलं तर आधीच बँकेत जाऊन बोला आणि गटालाही सांगा. लाजू नका.

सावकाराचं नाव निघालंच आहे तर सांगते. महाराष्ट्रात २०१४ च्या कायद्यानं सावकारीला परवाना लागतो. विनापरवाना सावकार जमीन "गहाण ठेवा" म्हणतो आणि कागद मात्र खरेदीखताचा करतो. अंगठा देण्याआधी कागद कुणाकडून तरी वाचून घ्या. असं घडलेलं असेल तर तालुक्याच्या सहायक निबंधक, सहकारी संस्था यांच्या कार्यालयात किंवा जिल्हा उपनिबंधकांकडे तक्रार करता येते. चौकशीत सावकारी सिद्ध झाली तर जमीन परत देण्याची तरतूद कायद्यात आहे.

आता जरा नाजूक विषय. पोरगा म्हणतो, "आई, फक्त सही कर." सहकर्जदार किंवा जामीनदार म्हणून सही केली की ते कर्ज आपलंही होतं. माया आहे म्हणून सही होते, मला कळतंय. पण आधी विचारा, शेवटचा हप्ता कधी, तेव्हा माझं वय किती, आणि तुझा धंदा बसला तर भरणार कोण? हे विचारणारी आई वाईट नसते. आपल्या डोक्यावरचं छप्पर ती राखत असते.

विम्याचंही बघा. प्रधानमंत्री जीवन ज्योती विमा वर्षाला ४३६ रुपयांत २ लाखांचा आहे, पण तो ५० वर्षांच्या आत घ्यावा लागतो आणि ५५ ला संपतो. म्हणजे त्यानंतरही कर्ज उरलं असेल, तर त्या विम्याचा आधार राहत नाही.

कर्ज फिटलं म्हणून काम संपलं असं नाही. कागद घरी येईपर्यंत पिच्छा सोडायचा नाही. बेबाकीचा दाखला घ्या. मूळ कागदपत्रं मोजून घ्या. बँकेनं ती पूर्ण फेडीनंतर ३० दिवसांत द्यायची असतात; तिच्यामुळे उशीर झाला तर दिवसाला ५,००० रुपये भरपाई, असा रिझर्व्ह बँकेचा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. मग तो दाखला घेऊन तलाठ्याकडे जा आणि सातबाऱ्यावरच्या इतर हक्कांतला बोजा कमी करून घ्या. घरावर बोजा असेल तर ग्रामपंचायतीच्या नमुना ८ वरचा. नवा उतारा हातात येईल तेव्हाच पेढे वाटा.

ज्या लेकी-सुना चाळिशीच्या आत आहेत त्यांनी अटल पेन्शन योजना बघावी. ती फक्त १८ ते ४० वयातच सुरू करता येते. तिसाव्या वर्षी सुरू केली तर महिना ११६ रुपयांत साठीनंतर १,००० रुपये पेन्शन, आणि ५७७ रुपयांत ५,००० रुपये. चाळिसाव्या वर्षी त्याच ५,००० साठी १,४५४ भरावे लागतात. थांबण्याची किंमत इतकी आहे.

जाता जाता एक काम देते. पुढच्या मासिक बैठकीत प्रत्येकीनं आपल्या पासबुकाच्या पहिल्या पानावर दोन आकडे लिहायचे: आजचं वय आणि शेवटच्या हप्त्याचं वय. दुसरा आकडा साठच्या पुढं गेला असेल तर त्याच बैठकीत गटानं तिच्याबरोबर बसून हिशोब करायचा. लिहिता येत नसेल तर सीआरपी ताई लिहून देतील. मी दप्तर बघायला येईन तेव्हा आधी ते पान उघडीन.