सैन्याच्या खर्चानें कॉलेजचें शिक्षण



लोणावळ्याच्या माणसाला आरमारी पोशाख नवा नाहीं. १९४५ च्या फेब्रुवारींत येथें ‘शिवाजी’ हें आरमाराचें यंत्रशिक्षणाचें केंद्र सुरू झालें. त्याच्या फाटकापाशीं रेंगाळलेलीं मुलें मीं वर्गांत पुष्कळ पाहिलीं. परंतु सैन्याच्या खर्चानें पदवीही घेतां येते, हें त्यांच्या पालकांना बहुधा बारावीच्या निकालानंतर, म्हणजे फीचा आंकडा समोर आल्यावर आठवतें. तोंवर उशीर झालेला असतो.

खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीचा अर्ज मुलगा बारावींत असतांनाच करतां येतो. तेथें तीन वर्षें राहणें, जेवण, पुस्तकें, गणवेश, सारें सरकारचें. शेवटीं जवाहरलाल नेहरू विद्यापीठाची पदवी. सुरुवातीच्या कांहीं रकमा व खिसाखर्च पालकांकडे असतो, पण मिळकत तुटपुंजी असल्यास खिसाखर्चालाही साह्य मिळतें. २०२२ पासून मुलींनाही तेथें प्रवेश आहे. १७ मुलींची पहिली तुकडी २०२५ च्या मे महिन्यांत बाहेर पडली. ज्यांना डॉक्टर व्हावयाचें आहे त्यांच्यासाठीं पुण्यांतच सशस्त्र सेनेचें वैद्यकीय महाविद्यालय १९४८ पासून आहे. तेथें शिकवणीची फी नाहीं.

फी नाहीं म्हणजे देणें नाहीं, असें मात्र कोणीं समजूं नये. डॉक्टर झालेल्या मुलाला सैन्यांत निदान सात वर्षें नोकरी करावी लागते. ती नाकारली तर बंधपत्राची मोठी रक्कम भरावी लागते. खडकवासल्याहून मुलगा आपखुशीनें मध्येंच परतला, तर झालेला खर्च सरकार मागूं शकतें. फी वांचविण्यासाठीं मुलाला तिकडे लोटणारा बाप घरावर कर्जच चढवीत असतो. शिवाय असा मुलगा निवडला जाणेंही कठीण! लेखी परीक्षेला ९०० गुण, तितकेच निवड मंडळापुढील मुलाखतीला; आणि तेथें पांच दिवस मुलांना खेळवून, बोलवून, एकत्र कामाला लावून पारखतात. पाठांतर तेथें उपयोगी पडत नाहीं. (आम्हां मास्तरांना हें ऐकणें जड जातें.) मनापासून जाणाऱ्यानें दहावीनंतरच तयारीला लागावें. राज्य सरकारनें १९७७ सालीं औरंगाबादेस, म्हणजे आजच्या छत्रपति संभाजीनगरांत, त्यासाठींच संस्था काढली. अकरावी-बारावीचीं दोन वर्षें मुलांची तयारी तेथें होते.

आणखी एक गोष्ट आहे, ती जाहिरातींत नसते. शिक्षण चालूं असतांना कांहीं मुलें जबर जखमी होतात. १९८५ पासून सुमारें ५०० मुलांना प्रकृतीच्या कारणानें अशा संस्थांतून परत पाठविण्यांत आलें. अधिकाऱ्याची सनद हातीं पडण्यापूर्वींच अपंगत्व आल्यामुळें त्यांना माजी सैनिकाचा दर्जा मिळाला नाहीं. दरमहा एक सानुग्रह रक्कम तेवढी मिळे. आयुष्यभर अंथरुणाला खिळलेलेही त्यांत आहेत. २०२५ च्या ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें या प्रश्नाची आपण होऊन दखल घेतली. हें पूर्वींच व्हावयास हवें होतें, असें माझें स्पष्ट मत आहे.

म्हणून अर्जावर सही करण्याआधीं बंधपत्राचीं व दुखापतीचीं कलमें मुलापुढें मोठ्यानें वाचा, असें मी पालकांना सांगतों. आमच्या आळींतल्या एका गृहस्थांनीं तीं आपल्या मुलीला वाचून दाखविलीं. तिनें सर्व ऐकून घेतलें, एक-दोन शंका विचारल्या आणि अर्ज पुढें ओढून स्वतःचें नांव लिहिलें. सध्यां ती पहांटे वळवणच्या रस्त्यावर धांवतांना दिसते.