ग्रॅफाइटयुक्त ॲल्युमिनियम : झीज आणि बळकटी

विहिरीवरील इंजिनात वंगण कमी पडले, तर दट्ट्या सिलिंडरला घासून अडकतो आणि ऐन पाळीच्या वेळी पिकाचे पाणी थांबते. जेथे तेल पोचत नाही तेथे धातूनेच काही काळ वंगण पुरवावे, हे साधेल काय? या प्रश्नाचे एक उत्तर म्हणजे ग्रॅफाइट मिसळलेले ॲल्युमिनियमचे संमिश्र.

ॲल्युमिनियमच्या एका घन सेंटिमीटरचे वजन २.७ ग्रॅम, तर बिडाचे ७ ग्रॅमच्या आसपास. हलका व उष्णता चटकन वाहून नेणारा हा धातू इंजिनास सोयीचा. पण कोरड्या घर्षणात तो समोरच्या पृष्ठभागाला चिकटतो आणि ओरखडला जातो. पेन्सिलीच्या शिशातील ग्रॅफाइटचे थर मात्र एकमेकांवरून सहज सरकतात. त्याचे कण धातूत विखुरलेले असले, म्हणजे घासताना ते पृष्ठभागावर पसरतात आणि झीज मंदावते.

वितळलेला ॲल्युमिनियम ग्रॅफाइटला सहजी भिजवीत नाही. कण रसावर तरंगू लागतात. १९६० नंतरच्या दशकात अमेरिकेत प्रदीप रोहतगी व त्यांचे सहकारी यांनी कणांना निकेलचा मुलामा देऊन ही अडचण दूर केली. पुढे बंगळूर, त्रिवेंद्रम व भोपाळ येथेही या संमिश्रांवर संशोधन झाले.

या लाभाची किंमतही मोजावी लागते. मऊ ग्रॅफाइटचे कण भार पेलत नाहीत. त्यांचे प्रमाण वाढेल तशी धातूची बळकटी घटते. प्रमाण फारच वाढले, तर कमकुवत झालेला पृष्ठभाग उलट लवकर झिजतो. याउलट, ग्रॅफाइटचे अखंड तंतू भार स्वतः पेलतात. १९९० साली अवकाशात गेलेल्या हबल दुर्बिणीच्या अँटेनांचे लांब दांडे अशाच तंतुयुक्त ॲल्युमिनियमचे आहेत. तथापि, धातुरस अति तापला किंवा तंतूंशी फार वेळ संपर्कात राहिला, तर ॲल्युमिनियम कार्बाइड तयार होते. ते ठिसूळ असते आणि ओलाव्याने विघटन पावते. म्हणून तापमान व वेळ यांवर काटेकोर नियंत्रण आवश्यक ठरते.

तात्पर्य, घासणाऱ्या भागासाठी बेताचे कण आणि ताण सोसणाऱ्या भागासाठी तंतू, असा विवेक हवा. कामाचा विचार न करता कोणतेही द्रव्य ‘उत्तम’ ठरविता येत नाही. शाळेत पेन्सिलीचे शिसे बोटांवर चोळून हे तत्त्व मुलांना दाखविता येईल. इंजिन चालविणाऱ्यालाही एवढे सांगणे अगत्याचे आहे की, असे संमिश्र तेल संपल्यावर थोडी उसंत देते. वेळेवर तेल घालण्याची जबाबदारी त्याने संपत नाही.