पावसात चाकोरी सोडावी लागते



शर्यतीच्या ट्रॅकवर पाऊस सुरू झाला की मुरलेला चालक आधी आपली नेहमीची वाट सोडतो. कोरड्या ट्रॅकवर प्रत्येक वळणाची एक ठरलेली वाट असते. बाहेरून आत यायचं, आतल्या कडेला लागून पुन्हा बाहेर पडायचं. शेकडो फेऱ्यांमध्ये टायरचं रबर त्या वाटेवर घासून बसतं आणि उन्हात तिथेच सगळ्यात चांगली पकड मिळते. पाणी पडलं की तोच पट्टा साबण लावल्यासारखा होतो. मग चालक गाडी थोडी बाजूला घेतो, जिथे डांबर अजून खरखरीत आहे. वळण लांबतं, वेळ जातो, पण चाक रस्ता धरून राहतं.

आपल्या भाषेत या वाटेला नेमका शब्द आहे, चाकोरी. रत्नागिरीच्या रस्त्यांवर ती डोळ्यांनी दिसते. जिथे डांबर आहे तिथे चिऱ्याच्या ट्रकांनी, डंपरांनी, जयगडहून येणाऱ्या टँकरांनी चाकांखाली दोन उथळ पन्हळी पाडलेल्या असतात. उन्हाळ्यात त्या लक्षातही येत नाहीत. आषाढात त्या भरून वाहतात. आपण सवयीने त्यातूनच गाडी नेतो. खरं तर चाकं त्या पन्हळीच्या काठावर, किंचित उंच भागावर ठेवायला हवीत. मात्र बाजूला सरकताना साइडपट्टीवर उतरू नका. तिथली तांबडी माती भिजली की चाक खाली ओढून घेते.

आपल्याकडे शर्यतीचा ट्रॅक नाही. आंबा घाट चढून गेलं की कोल्हापुरात कार्टिंगचा ट्रॅक आहे, आणि त्याच शहरातले कृष्णराज महाडिक ब्रिटिश फॉर्म्युला थ्री शर्यतींपर्यंत पोचले. शर्यतीच्या चालकांचा वेग आपल्या कामाचा नाही. त्यांच्या हातापायांची शिस्त मात्र वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस झेलणाऱ्या आपल्या जिल्ह्याला फार उपयोगी आहे, असं मला मनापासून वाटतं.

असं वाटण्याला कारण आहे. काही वर्षांपूर्वी मिरगाची पहिली सर नुकतीच पडून गेली होती आणि मी आंबा घाट उतरत होतो. वेग चाळीसच्या आत. एका वळणात शिरल्यावर गाडी जरा जोरात वाटली म्हणून ब्रेक दाबला. स्टिअरिंग वळलेलं होतं, पण गाडी वळली नाही. ती सरळ निघाली, समोरून चढणाऱ्या एसटीच्या दिशेने. त्या एसटीच्या चालकाने गाडी कडेला दाबून जागच्या जागी थांबवली, म्हणून मी आज तुमच्याशी बोलतो आहे.

चुका दोन होत्या. पहिली, पहिल्या सरीला हलकं समजणं. महिनोन्महिने रस्त्यावर सांडलेलं तेल, डिझेल, टायरचा भुगा आणि धूळ त्या थोड्याशा पाण्यात कालवली जाते आणि त्या सगळ्याचा लेप होतो. धो धो पाऊस तो धुऊन नेतो. चिमूटभर पाऊस तो नुसता मळतो.

दुसरी चूक अधिक मोठी होती. गाडीचा रस्त्याशी संबंध येतो तो फक्त चार ठिकाणी, आणि प्रत्येक ठिकाणी तळहाताएवढी जागा. तेवढ्यातून मिळणारी पकड मोजकी असते. ती ब्रेकला दिली की वळायला उरत नाही, वळायला दिली की ब्रेकला उरत नाही. एका भाकरीचे दोन वाटेकरी. रस्ता ओला झाला की ती भाकरीच लहान होते. म्हणून ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना लावायचा, गिअरही तेव्हाच खाली घ्यायचा, आणि मग वळणातून एकाच संथ लयीत बाहेर पडायचं. पावसातल्या कसलेल्या चालकाचे हात पाहिले तर ते जवळजवळ हलतच नाहीत असं वाटतं. झटका नाही, ओढाताण नाही. घाट उतरताना डिझेल वाचवायला गाडी न्यूट्रलवर सोडणाऱ्यांना माझी कळकळीची विनंती आहे, इंजिनचा आधार असा सोडून देऊ नका.

आता टायरबद्दल. फॉर्म्युला वनच्या कोरड्या शर्यतीचे टायर गुळगुळीत असतात, एकही खाच नाही. भर पावसाचे टायर वेगळे, खोल खाचांचे. ताशी तीनशे किलोमीटर वेगात असा एक टायर सेकंदाला सुमारे ८५ लिटर पाणी बाजूला फेकतो. म्हणजे घरातल्या पाच-सहा बादल्या, एका सेकंदात, एका चाकाखालून. तुमच्या टायरच्या खाचा हेच काम करतात. त्या झिजून टायर गोटा झाला की पाण्याला जायला वाट राहत नाही. मग पाणी चाकाखाली पाचरीसारखं शिरतं आणि गाडी उचलतं. गाडी रस्त्यावर नसते, पाण्यावर तरंगत असते.

हे कोणत्या वेगाला घडतं, याचा अभ्यास अमेरिकेच्या नासा संस्थेने १९६० च्या दशकात विमानांच्या चाकांसाठी केला होता. त्यातून कळलं की हवेचा दाब फार महत्त्वाचा आहे. त्या हिशेबाने, रस्त्यावर पाण्याचा जाड थर असेल आणि टायरमध्ये हवा ३२ असेल, तर ताशी ९४ किलोमीटरच्या आसपास चाक तरंगू लागतं. हवा २२ वर आलेली असेल तर तेच ७८ च्या आसपास होतं. टायर गोटा असेल तर त्याहूनही आधी. पावसाळ्यात टायर मऊ असला की पकड चांगली, असं समजून हवा कमी ठेवणारे लोक मी पाहिले आहेत. ते उलट करत असतात.

गाडी तरंगली की स्टिअरिंग एकदम हलकं लागतं. त्या क्षणी ब्रेक मारू नका, स्टिअरिंग फिरवू नका. अॅक्सिलरेटरवरून पाय सावकाश काढा, चाकं सरळ धरा, आणि टायर पुन्हा रस्त्याला टेकेपर्यंत दम धरा.

दुचाकीवाल्यांसाठी थोडं. पांढरे-पिवळे पट्टे, मोऱ्यांवरच्या लोखंडी जाळ्या, झाडांखाली कुजलेली पानं, सावलीतलं शेवाळ, यांवर गाडी कलती ठेवून ब्रेक लावू नका. आणि मागे बसलेल्या माणसाच्या हातात उघडी छत्री नको. वाऱ्याचा एक झोत ती छत्री आणि गाडी दोन्ही ओढून नेतो.

५ ऑक्टोबर २०१४ रोजी जपानमध्ये सुझुकाच्या ट्रॅकवर पावसात फॉर्म्युला वनची शर्यत चालू होती. एका वळणावर एक गाडी घसरून कठड्यावर गेली. ती उचलायला क्रेन आली. वेग कमी करा, असं सांगणारे पिवळे झेंडे हलत होते. पुढच्याच फेरीत ज्यूल बियांकी हा पंचविशीतला चालक त्याच वळणावर घसरला आणि थेट क्रेनवर आदळला. नऊ महिन्यांनी, जुलै २०१५ मध्ये, तो गेला. सुझुकाच्या त्या घटनेनंतर अपघाताच्या वेळी ट्रॅकवरच्या सगळ्या गाड्यांचा वेग एकदम उतरवण्याची पद्धत फॉर्म्युला वनमध्ये आली.

जिथे एक गाडी घसरली, तिथे रस्त्यात काहीतरी आहे आणि दुसरीही तिथेच घसरणार, हे आपल्या घाटांत रोज लागू पडतं. वळणावर ट्रक कलंडलेला दिसला की आपण मदतीला धावतो आणि आपली गाडी त्याच वळणात उभी करतो. कोकणातल्या माणसाचं हे धावणं मला प्रिय आहे. पण गाडी वळणाच्या बऱ्याच आधी, मागच्याला लांबून दिसेल अशी लावा, चारी इंडिकेटर चालू ठेवा, आणि एका माणसाला मागे पाठवून येणाऱ्या गाड्यांना हात दाखवायला सांगा.

कारण आपल्या रस्त्यावर झेंडा घेऊन कुणी उभं नसतं. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री महाडजवळ सावित्रीवरचा ब्रिटिशकालीन पूल पुरात वाहून गेला. जयगड-मुंबई आणि राजापूर-बोरिवली या आपल्या जिल्ह्यातून निघालेल्या दोन एसटी त्या अंधारात नदीत गेल्या. त्या चालकांची काहीच चूक नव्हती. पुढे रस्ताच उरला नाही, हे सांगणारं तिथे कुणी नव्हतं.

म्हणून थांबायचं कधी, हे आपलं आपण ठरवायचं असतं. २९ ऑगस्ट २०२१ ला बेल्जियममध्ये फॉर्म्युला वनच्या शर्यतीत जगातले सर्वोत्तम चालक, जगातले सर्वोत्तम पावसाळी टायर लावून, तीन तासांहून अधिक वेळ पाऊस उतरण्याची वाट पाहत होते. पुढच्या गाडीच्या तुषारांतून काही दिसत नव्हतं. शेवटी सुरक्षा गाडीच्या मागून मोजक्या फेऱ्या झाल्या आणि शर्यत आटोपली. त्या दिवशी त्यांना कुणी भित्रं म्हणालं असेल तर ते चूक होतं.

घाटात ढग उतरले आणि गाडीच्या पुढचे दोन-तीन पट्टेही दिसेनासे झाले, तर पुढे रेटू नका. दरडीखाली थांबू नका, वळणावर थांबू नका. कोल्हापूरकडे निघाला असाल तर घाट लागण्याआधी साखरपा आहे. तिथे चहा मिळतो, आणि ढग वर सरकेपर्यंत गाडी रस्त्यापासून आत लावून बसता येतं.