धान्य द्या, अर्जही भरून द्या



घरचा कर्ता गेला की तेराव्यापर्यंत घर माणसांनी भरलेले असते. मग पाहुणे जातात. आई आणि लेकरे उरतात. कपाशी वेचून मजुरी मिळते, त्यात पीठ आले तर तेल राहते, तेल आले तर पोराची वही राहते.

अशा वेळी आपली माणसे धावून येतात. २०१५ च्या दुष्काळात नाना पाटेकर आणि मकरंद अनासपुरे यांनी मराठवाड्यात आत्महत्या केलेल्या शेतकऱ्यांच्या विधवांना १५,००० रुपयांची मदत दिली. त्यातूनच 'नाम' संस्था उभी राहिली.

मोलाचे काम झाले. पण दवाखाना, उधारी, बियाणे यांत १५,००० किती पुरणार? एकदाच्या मदतीला दरमहाची जोड हवी. संजय गांधी निराधार योजनेत गरीब विधवेला २०२३ पासून दरमहा १,५०० रुपये ठरले आहेत. दहा महिन्यांत तेवढेच १५,००० होतात, आणि पुढेही येत राहतात.

ही भीक नव्हे, हक्क आहे. पण त्यासाठी पतीच्या मृत्यूचा दाखला, उत्पन्नाचा दाखला, रेशनकार्ड, पासबुक घेऊन फुलंब्रीच्या तहसील कचेरीत अर्ज द्यावा लागतो. एक कागद कमी पडला की पुन्हा खेप, पुन्हा मजुरी बुडते. म्हणून कितीजणी जातच नाहीत!

आपण पायलीभर धान्य देऊच. पण आता आपल्याला वाचता येते. तिचा अर्ज आपण वाचू, भरू, तिच्यासोबत कचेरीत जाऊ. सातबारावर वारस म्हणून तिचे नाव लागले का, तेही पाहू. आपल्या गल्लीपासून सुरुवात करू या.