निम्म्या हाताची मजुरी
(वर्धापनदिनी केलेले भाषण)



पापड लाटण्याचा दर सर्वांना सारखा, हे आपल्या मंडळात कुणाला सांगावे लागत नाही. म्हणून मी आज अमेरिकेतील एका कायद्याविषयी बोलणार आहे.

१९३८ साली तेथे किमान वेतनाचा कायदा झाला. त्याच्या चौदाव्या कलमाने अपंग कामगारांना त्याहून कमी मजुरी देण्याची मुभा ठेवली. मालकाने सरकारी परवाना घ्यायचा, घड्याळ लावून अपंगाचे काम धडधाकट माणसाच्या कामाशी ताडून पाहायचे, आणि निम्मे भरले तर मजुरीही निम्मी. याला खालची मर्यादाच नाही! धडधाकट माणूस कितीही सावकाश काम करो, त्याला किमान वेतन मिळतेच. घड्याळ लागते ते फक्त अपंगाला.

आयोवा राज्यात अटलिसा नावाचे लहानसे गाव आहे. टेक्सासहून आणलेले बौद्धिक अपंगत्व असलेले पुरुष तेथे एका जुन्या शाळेच्या इमारतीत राहत आणि पहाटे उठून जवळच्या कारखान्यात टर्की पक्षी साफ करीत. हातात पडत महिन्याला ६५ डॉलर. कित्येकांची उमर त्यातच गेली. २००९ साली त्यांची सुटका झाली. २०१३ मध्ये ज्यूरीने ३२ जणांना मिळून २४ कोटी डॉलर देवविले. पण भरपाईला कायद्याने कमाल मर्यादा असल्यामुळे ते १६ लाखांवर आले. मर्यादा कुठे घालायची ते बरोबर सुचते!

सवलत काढली तर कामच जाईल, मुलगा घरी बसेल, अशी भीती तिकडच्या कितीतरी आईबापांना वाटते. ती खोटी नाही. म्हणूनच मेरीलँडने २०१६ साली कायदा करून २०२० पर्यंत मुदत दिली. केंद्र सरकारने मात्र ही पद्धत संपविण्याचा डिसेंबर २०२४ मधील प्रस्ताव जुलै २०२५ मध्ये मागे घेतला.

आपण हसू नये. आपल्या १९४८ च्या किमान वेतन कायद्यातही सव्विसाव्या कलमाने अपंगांना वगळण्याचा अधिकार सरकारला दिला होता.

दिवाळीच्या पणत्या आपण अपंगांच्या कार्यशाळेतून घेतो. यंदा खरेदी समितीने करणाऱ्याच्या हातात किती पडतात, तेवढे विचारून यावे. त्यांना पुरी मजुरी देऊन भाव वाढत असेल तर दोन डझन पणत्या कमी घेऊ.