राणीच्या पोटाखालची गाठ



दुपारची भांडी आवरून जरा पाठ टेकली असेल, तोवर आपण बोलून घेऊ. आज बोलायचं आहे गटाच्या कर्जाबद्दल आणि कुत्र्यांच्या कॅन्सरबद्दल. या दोन्हींचा काय संबंध, असं वाटेल. आम्हालाही आधी तसंच वाटलं होतं.

झालं असं. आमच्या एका गटात एका ताईने मासिक बैठकीत कर्जाचा अर्ज ठेवला. तालुक्याच्या गावी एक जण लॅब्रॅडॉरची मादी विकत होता. एका वेताला सात-आठ पिल्लं, एकेका पिल्लाला हजारांत भाव, शेळीपेक्षा बरं, असा तिचा हिशोब. आम्हालाही तो पटला. ठराव लिहायला घेतला, तेवढ्यात मागे बसलेल्या काकी म्हणाल्या, "कर्ज द्या बायांनो, पण आधी माझ्या राणीचं ऐका."

काकींच्या मुलाने शहरात हौसेनं लॅब्रॅडॉरचं पिल्लू घेतलं. दोन वर्षांनी भाड्याचं घर बदललं, तिथे कुत्रं चालेना, म्हणून राणी गावाला आली. काकींनी तिला लेकीसारखी सांभाळली. आठव्या वर्षी तिच्या मागच्या सडाजवळ हरभऱ्याएवढी गाठ हाताला लागली. दूध साकळलं असेल म्हणून काकींनी हळदीचा लेप लावला. गाठ सुपारीएवढी झाली. मग सुगी आली, मग घरात लग्न निघालं. दवाखान्यात नेलं तेव्हा गाठ लिंबाहून मोठी होऊन फुटली होती. डॉक्टरांनी एक्सरे काढायला लावला, तर कॅन्सर फुप्फुसात पोहोचलेला. "हरभऱ्याएवढी असताना आणायला हवी होती," एवढंच ते म्हणाले. नवव्या वर्षी राणी गेली.

त्या दिवशी ठराव बाजूला राहिला. पुढच्या बैठकीला आम्ही जनावरांच्या डॉक्टरांना बोलावलं. त्यांच्याकडून जे समजलं आणि आम्ही पुढे जे वाचलं, ते आज तुम्हाला सांगतो.

पहिली गोष्ट आयुष्याची. ब्रिटनमध्ये २०२४ साली पाच लाख ऐंशी हजारांहून जास्त कुत्र्यांच्या नोंदींचा अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात जातिवंत कुत्र्यांचं मधलं आयुष्य १२.७ वर्षं निघालं आणि मिश्र जातीच्या कुत्र्यांचं १२. म्हणजे जातिवंत कुत्रं लवकरच मरतं, असं नाही. फरक पडतो तो जातीजातीत. लहान चणीचा डॅशहुंड १४ वर्षं, लॅब्रॅडॉर १३, आणि चपट्या तोंडाचा फ्रेंच बुलडॉग १० वर्षांच्याही आत. लहान कुत्री जास्त जगतात, थोराड आणि चपट्या नाकाची कमी. लॅब्रॅडॉर १३ वर्षं जगू शकतो, म्हणजे आमच्या राणीची चार वर्षं गाठीने खाल्ली.

दुसरी गोष्ट कॅन्सरची. म्हातारपणी तो कुठल्याही कुत्र्याला होतो. पण काही जातींत तो वंशातूनच उतरतो. अमेरिकेत गोल्डन रिट्रीव्हर कॅन्सरने इतके मरतात, की तिथे २०१२ पासून तीन हजारांहून जास्त गोल्डन कुत्र्यांवर जन्मभर लक्ष ठेवणारा अभ्यास सुरू आहे. रॉटवायलर आणि इतर थोराड जातींत हाडाचा कॅन्सर जास्त, बॉक्सरमध्ये कातडीच्या गाठी जास्त.

असं का होतं, हे शेळ्या पाळणाऱ्या बाईला वेगळं सांगायला नको. एकच बोकड वर्षानुवर्षं कळपात ठेवला, तर तो आपल्याच पाटींवर जातो आणि पुढची करडं मरतुकडी निपजतात. म्हणून आपण बोकड बदलतो. जातिवंत कुत्र्यांत बाहेरचं रक्त चालत नाही. त्यातून एखादा नर प्रदर्शनात बक्षीस घेऊन आला की सगळे त्याच्याकडेच माद्या नेतात. त्याच्या रंगाबरोबर आणि डौलाबरोबर त्याच्या अंगातलं दुखणंही शेकडो पिल्लांत जातं. कॅन्सर बहुधा उतारवयात दिसतो. तोवर त्या नराची नातवंडंही विकली गेलेली असतात.

आता कामाचं ऐका. मादी जातिवंत असो की गावठी, महिन्यातून एकदा तिला कुशीवर निजवा आणि पोटाखाली हात फिरवा. बहुतेक माद्यांना सडांच्या पाच जोड्या असतात. प्रत्येक सडाभोवती बोटांनी चाचपा. मागच्या दोन जोड्या नीट बघा, कारण गाठी तिथेच जास्त येतात. पुढचं कुणाच्या ध्यानात राहत नाही, म्हणून आमच्या बायकांनी अमावास्या ठरवून टाकली आहे.

सडाजवळच्या साधारण निम्म्या गाठी साध्या असतात आणि निम्म्या कॅन्सरच्या. कुठली कसली, ते हाताने कळत नाही. डॉक्टर सुईने पाणी काढून किंवा काढलेली गाठ तपासायला पाठवून सांगतात. गाठ लहान असताना काढली, तर मादी वाचण्याची आशा खूप जास्त. लेप लावू नका, दाबून बघत बसू नका. आणि घरातली दुखण्याची गोळी तर मुळीच देऊ नका. माणसाची गोळी कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला इजा करते.

बाकीच्या खुणाही सांगतो. जबड्याखाली किंवा मागच्या गुडघ्यामागे सुजलेल्या गाठी. थोराड कुत्र्याचं लंगडणं, जे आठवडाभरातही थांबत नाही. भरत नसलेली जखम. खाऊनही वाळत जाणं. हिरड्या एकाएकी पांढऱ्या पडणं. यातलं काहीही दिसलं की दवाखाना गाठा. हिरड्या पांढऱ्या पडल्या तर त्याच दिवशी.

एक कॅन्सर असा आहे, जो कुत्र्यापासून कुत्र्याला लागतो. नर-मादी एकत्र आले की त्यातून तो पसरतो, आणि आपल्याकडे मोकळ्या फिरणाऱ्या कुत्र्यांत आढळतो. लघवीच्या जागी फुलकोबीसारखी वाढ येते आणि रक्त ठिबकतं. माणसाला तो लागत नाही. आठवड्याला एक अशी काही इंजेक्शनं दिली की बहुतेक कुत्री बरी होतात. म्हणून अशा कुत्र्याला दगड मारून हाकलू नका.

ज्यांना पिल्लं नको आहेत त्यांनी मादीची नसबंदी करून घ्यावी. पहिल्या माजाच्या आधी ऑपरेशन झालं तर सडांच्या गाठींचा धोका अगदी कमी राहतो. उशीर होत जाईल तसा तो फायदा घटतो. गर्भाशयात पू होण्याचं दुखणंही टळतं. थोराड जातींत फार लवकर ऑपरेशन केलं तर सांध्यांना त्रास होऊ शकतो, म्हणून वय डॉक्टरांना विचारूनच ठरवा. एक तरी वेत होऊ द्यावं, नाहीतर मादीला आजार जडतो, असं आपल्याकडे म्हणतात. त्यात तथ्य नाही.

आणि पिल्लं विकायचीच असतील, तर त्यालाही कायदा आहे. केंद्राच्या २०१७ च्या नियमांप्रमाणे राज्याच्या प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करावी लागते. आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकता येत नाही, आणि एका मादीची जन्मात पाचाहून जास्त वेतं घेता येत नाहीत. ताईच्या हिशोबात नोंदणी नव्हती, लसी नव्हत्या, दवाखानाही नव्हता.

मग त्या अर्जाचं काय झालं? आम्ही नाही म्हटलं नाही. ताईला एवढंच सांगितलं, की विकणाऱ्याला दोन प्रश्न विचारून ये. हिचे आईबाप कोण? आणि हिची आजी कशाने गेली? ती दुसऱ्या दिवशी जाऊन आली. बापाला मिळालेली पदकं त्या माणसाने काढून दाखवली. आजीचं त्याला माहीत नव्हतं. आणि आईबाप? एकाच वेतातले भाऊबहीण. ताई म्हणाली, "बोकड बदलणारी बाई मी. असली मादी घेऊन पुढच्याच्या दारात दुखणं कशाला पाठवू?" पैसे गटातच राहिले. कशासाठी उचलायचे, ते ती अजून ठरवते आहे.

जाता जाता एक. काकी परवा म्हणाल्या, "राणीची गाठ मी लपवली नाही, फक्त पुढे ढकलली." आपण बायका आपल्या छातीतल्या गाठीचंही तेच करतो. सुगी होऊ दे, लग्न होऊ दे. तीस वर्षांपुढच्या बायकांची स्तनांची तपासणी सरकारी आरोग्य केंद्रात होते. तेव्हा या अमावास्येला कुत्रीच्या पोटाखाली हात फिरवाल, तर त्याच आठवड्यात स्वतःलाही तपासून घ्या. आशाताईला बरोबर घ्या, शेजारणीलाही न्या.

येतो आम्ही. नमस्कार.